नाकवाल्या काकांची वाइन

देवाने माणसाला नाक वास घेण्यासाठी दिलं आहे, हे आमच्या शेजारच्या काकांना भेटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. तोवर माझी समजूत अशी, की नाक हे चष्मा टेकवायला, थंडीत गळायला आणि सासरच्या लोकांनी पाठवलेल्या साड्या बघून मुरडायला असतं. काका भेटले आणि कळलं, की अख्ख्या मनुष्यजातीत खरं नाक एकाच माणसाला मिळालंय, बाकी आपण सगळे त्या जागी नुसता उंचवटा घेऊन हिंडतो. मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावात घरटी एक माणूस मोटारीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर पोट भरतो. कुणी ब्रेकवर, कुणी सीटवर, माझ्यासारखे कुणी गाडीतल्या सॉफ्टवेअरवर. काका मोटारींचा वास घेऊन पोट भरत होते. चेष्टा नाही, तशी रीतसर नोकरीच होती. सीटचा फोम, डॅशबोर्डचं प्लास्टिक, कार्पेटचा तुकडा असं काहीबाही काचेच्या बरणीत घालून भट्टीत तापवायचं, मग पाच माणसांच्या पॅनेलने एकेक करून झाकण किलकिलं करायचं, हुंगायचं आणि नंबर लिहायचा. एक म्हणजे वासच नाही, सहा म्हणजे असह्य. मधे अर्धे नंबरही चालतात. नवीन गाडीत बसल्यावर आपल्याला डोकं दुखल्यासारखं होत नाही, ते अशा माणसांच्या कृपेने.

अठ्ठावीस वर्षं बरण्या हुंगल्यावर माणसाचं जे व्हायचं ते काकांचं झालं होतं. ते सगळ्या जगाला नंबर द्यायचे. आधी डोळे मिटायचे, मग तीन छोटे श्वास, मग मान उजवीकडे वळवायची आणि मग निकाल. माझ्या नवऱ्याचं परफ्यूम साडेचार. मंडळाच्या गणपतीतला मोदकांचा हॉल दोन, "पण प्रसन्न दोन" असा शेरा. माझ्या नाकाबद्दल त्यांचं मत असं, की एवढे सुगंधी शांपू लावणाऱ्या बाईचं नाक म्हणजे साबणाची जाहिरात, त्याला नंबर देण्यात अर्थ नाही. आम्ही एक जुनी गाडी घ्यायला निघालो तेव्हा काका दोन मिनिटं तिच्यात बसून बाहेर आले आणि म्हणाले, आधीच्या मालकाकडे कुत्रा होता, मागच्या डाव्या सीटखाली कधीतरी पाणी शिरलंय, आणि ते झाकायला विक्रेत्याने संत्र्याचा फवारा मारलाय. विक्रेता हसला. नवऱ्याने कार्पेट उचललं तर खाली पत्रा गंजून लाल झालेला. विक्रेत्याने नंतर काकांशी हात मिळवला तो असा दबकत, जणू त्यांनी त्याच्या बायकोशी झालेलं सकाळचं भांडणही हुंगलं असावं.

या नोकरीचे नियम कडक होते. चाचणीच्या दिवशी लसूण नाही, कांदा नाही, मसाला नाही, अत्तर नाही. त्यामुळे काकूंच्या घरी सोमवार ते शुक्रवार बिनफोडणीचं वरण. ही बाई सांगलीहून आलेली, जिच्या माहेरी चहासुद्धा तिखट करतील की काय असं वाटावं, तिने अठ्ठावीस वर्षं फोडणी शनिवारवर ढकलली, तीसुद्धा गॅरेजमध्ये, शटर उघडं ठेवून, अंगात जाडजूड जॅकेट घालून. दुसरा नियम बोलण्याचा. पाचही जणांचे नंबर लिहून होईपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही, कारण एकाचं मत दुसऱ्याच्या नाकात शिरतं. काकांनी तो नियम घरीदारी लावला होता. पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, एखादी बाई भांड्याचं झाकण उघडून "काय मस्त वास सुटलाय" म्हणाली, की काका चमचा खाली ठेवायचे. "पॅनेल फुटलं" असं म्हणून पुढच्या पदार्थाकडे जायचे.

रिटायर झाल्यावर मात्र काकांच्यात बदल झाला, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. काकूंच्या घरून रोज लसणीच्या फोडणीचा घमघमाट यायला लागला. आम्ही म्हटलं, बरं झालं, बाईची सुटका झाली. काकूही बदलल्या. इथल्या लायब्ररीत वीस वर्षं पँट-शर्टवर काम केलेल्या या बाईने एकाएकी दोन्ही हातांत डझनभर काचेच्या बांगड्या घालायला सुरुवात केली, आणि जानेवारीत बर्फ काढतानाही त्या हातमोज्यांच्या वर किणकिणायच्या. शिवाय कुठेही गेलं की काकू काकांच्या डाव्या बाजूला उभ्या, त्यांचं मनगट धरून. साठीनंतर प्रेम उतू चाललंय म्हणून आम्ही चिडवायचो. काकू हसून सोडून द्यायच्या. आणि काका निकाल द्यायचे त्याच्या आधी काकूच बोलायला लागल्या. "मला काय कळतंय म्हणा, पण मेथी जराशी करपलीय का?" असं त्या म्हणायच्या. मग काका डोळे मिटायचे, तीन श्वास, मान उजवीकडे, आणि मेथी तीनवर जायची. मंडळातल्या एकांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला काकू जिन्याशी म्हणाल्या, मला बाई इथे ओल वाटते. काकांनी साडेतीन दिले, बेसमेंटची भिंत दाखवली, आणि खरोखर आतला पाइप झिरपत होता. आम्ही सगळे थक्क. इतके थक्क, की पॅनेल फुटल्यावर चमचा खाली ठेवणारा हा माणूस बायको आधी बोलते तरी गप्प कसा बसतो, हा प्रश्न आमच्यातल्या एकाही हुशार इंजिनियरला पडला नाही.

काका-काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा त्यांच्या एकुलत्या एका लेकीने त्यांना भेट दिली ती ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरच्या एका दिवसाची. खास त्यांच्यासाठी गाडी, खास गाइड, दिवसभर बेट बघायचं आणि दोन ठिकाणी वाइन चाखायची. ही लेक इथेच जन्मलेली, बॉस्टनला डेंटिस्ट, गोड मुलगी. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या बापाला वाइनची भेट का, असं मी विचारलं तर म्हणाली, "ताई, पिऊ नको दे त्याला, बस स्मेल करू दे! Baba has the best nose in the world, आणि त्याने आयुष्यभर प्लास्टिकच स्मेल केलं यार." तिला क्लिनिकमुळे येता येत नव्हतं. आम्ही नवरा-बायको त्याच सुट्टीत ग्रीसला निघालोच होतो, म्हणून गाडी चौघांची झाली. मला तिने कामगिरी दिली, की बाबांचा प्रत्येक ग्लासाशी व्हिडिओ काढायचा, आणि त्यातही एका वाइनरीचं जुनं तळघर आहे, तिथला तर हवाच. तिचं बाळ मोठं झाल्यावर आजोबांचं नाक म्हणजे काय होतं, ते तिला दाखवायचं होतं. हे ऐकताना काका शेजारीच बसले होते. काकूंच्या बांगड्या वाजल्या, एवढं मला आता आठवतं.

बेट असं असतं हे मला माहीत नव्हतं. समुद्रातून सरळ उठलेला काळा-तांबडा कडा, त्याच्या माथ्यावर सांडल्यासारखी पांढरी घरं, आणि खाली इतकं निळं पाणी, की बडबड्या माणसाचीसुद्धा वाचा बसावी. माझा नवरा अर्धा तास बोलला नाही, यावरून कल्पना यावी. गाइड एक तरुण ग्रीक मुलगी होती. तिने सांगितलं, की हे सगळं ज्वालामुखी फुटून झालंय आणि पायाखालची ही सच्छिद्र हलकी माती म्हणजे त्याचीच राख. काकूंनी एक दगड उचलून उलटा-पालटा करून बघितला आणि हा तर टाचा घासायचा दगड असं म्हणून पर्समध्ये टाकला. तिथल्या द्राक्षांच्या वेलींना मांडव नसतो. वाऱ्याला भिऊन त्या जमिनीवरच गोल वेटोळं करून बसतात, टोपलीसारख्या, आणि द्राक्षं त्या टोपलीच्या आत धरतात. काका एका वेलीशी उकिडवे बसले आणि बराच वेळ तिची पानं बोटांनी चुरत राहिले. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत तो फोटो मला जास्त आवडतो, पण तेव्हा मला वाटलं होतं, की ते वास घेतायत.

पहिल्या वाइनरीत सगळं सुरळीत झालं. समुद्राकडे तोंड करून मांडलेली टेबलं, काकू डाव्या बाजूला, हात मनगटावर. "मला काय कळतंय म्हणा, पण लिंबाची साल आठवली बाई," असं काकू म्हणाल्या, आणि काकांनी डोळे मिटून लिंबाच्या सालीपासून सुरू करून समुद्राच्या मिठापर्यंत असं काही वर्णन केलं, की वाढणारा पोरगेलासा वेटर बाटली हातात धरून तसाच उभा राहिला. काकांनी थेंबही तोंडात घेतला नाही. त्यांच्या आणि काकूंच्या वाटचे सगळे ग्लास वाया जाऊ नयेत ही जबाबदारी माझ्या नवऱ्याने शिरावर घेतली आणि ती इतक्या निष्ठेने पार पाडली, की दुसऱ्या वाइनरीला पोचल्यावर तो गाडीतून उतरलाच नाही. मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून तो घोरत होता.

दुसरी वाइनरी म्हणजेच ते जुनं तळघर. राखेच्या डोंगरात खोदलेलं, आणि आत जायला अंधाऱ्या, झिजलेल्या, कठडा नसलेल्या चाळीसेक पायऱ्या. काकूंच्या गुडघ्यांनी चौथ्या पायरीवरच संप केला. त्या थांबल्या, काकाही थांबले. मग काका म्हणाले की राहू दे, मीही वरच बसतो. पण खालून मालक हाक मारत होता. पांढऱ्या मिशांचा, टोपी घातलेला म्हातारा. आणि मी आपली उत्साहाने म्हणत होते, की काका, लेकीला हाच व्हिडिओ हवाय. काकूंनी त्यांचं मनगट सोडलं. मी पुढे, काका मागे, असे आम्ही खाली उतरलो.

आत गार होतं. एका पिंपावर तीन ग्लास मांडलेले. मी फोन सुरू केला. काकांनी पहिला ग्लास उचलला, डोळे मिटले, तीन श्वास घेतले, मान उजवीकडे वळवली. निकाल आला नाही. मी वाट बघत होते, म्हातारा वाट बघत होता. काकांनी डोळे उघडले आणि डावीकडे बघितलं. तिथे भिंत होती.

"फोन ठेव गं जरा," ते म्हणाले. मग अगदी हळू, ग्लासाकडेच बघत म्हणाले, "मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. हा ग्लास आणि नळाचं पाणी, मला दोन्ही सारखंच."

मी फोन पिंपावर ठेवला. साथीच्या दिवसांत ते दोघं लेकीकडे बॉस्टनला राहिले होते, तेव्हा त्यांना ताप आला होता, हे मला माहीत होतं. ताप चार दिवसांत गेला, हेही माहीत होतं. जाताना तो काय घेऊन गेला, हे मात्र काकूंशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, की मग लेकीला सांगितलं का नाही? त्यावर काका म्हणाले, "तिनेच क्लिनिकमधून आणला होता तो घरी. बिचारीला काय माहीत. तिला हे कळलं, तर ती आयुष्यभर माझ्या नाकाकडे बघून रडेल. मला नाक नसलं तरी चालेल, पण ते नको."

त्या गार तळघरात मला सगळं एकदम दिसायला लागलं. करपलेली मेथी, बेसमेंटची ओल, मनगटावरची काकूंची बोटं. तीन वर्षं ट्रॉयमधल्या मराठी माणसांना नंबर मिळत होते ते काकूंच्या नाकाचे. बोटं दाबून त्या आकडा द्यायच्या, आणि शब्द हवे असले की 'मला काय कळतंय म्हणा' म्हणून सुरू व्हायच्या. आणि आज, नेमकं जे लेकीला हवं होतं त्याच जागी, काका पहिल्यांदाच एकटे होते.

"तू घे वास," काका म्हणाले. मी म्हटलं, काका, तुम्हीच म्हणता माझं नाक म्हणजे साबणाची जाहिरात. ते म्हणाले, "नाव नको सांगूस. हा वास आधी कुठे आला होता, तेवढंच सांग."

मी ग्लासात नाक घातलं. आधी काहीच नाही. मग नागपूरच्या आमच्या शाळेतली पाटी आठवली, ओल्या फडक्याने नुकती पुसलेली. मला सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. काका हसले नाहीत. गार की कोमट, असं त्यांनी विचारलं. नाकाच्या टोकाशी की मागे घशाकडे? तोंडाला पाणी सुटतं का? चिंचेचं की लिंबाचं? पिकल्या की कच्च्या? एकेक उत्तर घेताना त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि मी बघत होते, की माझ्या भरड उत्तरांतून या माणसाच्या डोक्यात तो वास रांगोळीसारखा एकेका ठिपक्याने उभा राहतोय. म्हातारा आपला हात बांधून शांत उभा. आमच्याकडे वाइन चाखण्याआधी मराठीत पुटपुटायची पद्धत असावी, असं त्याला वाटलं असेल.

दुसऱ्या ग्लासाने माझा धीर सुटला. मला त्यात आमच्या ट्रॉयच्या पोर्चवर बर्फात भिजून पडलेलं डिलिव्हरीचं खोकं आलं. म्हटलं, माझंच नाक फुटकं, परदेशात येऊन एवढ्या महागाच्या वाइनमध्ये पुठ्ठा हुंगतेय. काकांनी डोळे उघडले. खरंच पुठ्ठा, की लाकूड? पुठ्ठा. त्याच्या खाली कुठे फळ आहे का, नीट बघ. मी पुन्हा हुंगलं. नव्हतं. "नक्की?" काका म्हणाले. मी म्हटलं, नक्की. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी जगातल्या कुणाच्या नाकावर विश्वास ठेवला नसेल, तो त्या क्षणी माझ्यावर ठेवला. तिसऱ्यात मला मनुका आल्या, आणि गुळाच्या पाकाला जरा जास्त आच लागली की येतो तो वास.

तालीम झाली. भेट ठरल्यापासून काकांनी वाइनवरची पुस्तकं वाचून काढली होती, ती आता कामाला येणार होती. मग काकांनी शर्ट नीट केला आणि मला फोन सुरू करायला सांगितलं.

पहिल्या ग्लासाशी ते त्या म्हाताऱ्याला इंग्रजीत म्हणाले, की ही द्राक्षं माती कमी आणि दगड जास्त अशा उतारावरची आहेत, पूर्ण गोड व्हायच्या आधी तोडलेली आहेत, आणि या वाइनने लाकडाचं पिंप बघितलेलं नाही. म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. तिसरी त्यांनी उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची आणि वर्षानुवर्षं पिंपात मुरलेली म्हणून ओळखली, आणि म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. मग त्यांनी मधला ग्लास उचलला. फार नम्रपणे म्हणाले, की माफ करा, यात तुमचा काही दोष नाही, पण वास ओल्या पुठ्ठ्याचा आहे आणि फळाचा मागमूस नाही, म्हणजे या बाटलीच्या बुचाने वाइन नासवलीय. म्हाताऱ्याने ग्लास घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला. मग ती बाटली उचलून बादलीत ओतली, दुसरी उघडली, काकांसमोर ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

मी आयुष्यात बरंच काही बघून थक्क झालेय. त्या दिवशी सकाळीच तो कडा आणि तो समुद्र बघून झाले होते. पण नाक नसलेल्या माणसाने, नाक नसलेल्या बाईचं नाक वापरून, बाटलीतला रोग सांगितला, त्याच्यापुढे तो ज्वालामुखी मला साधाच वाटला.

वर आलो तेव्हा डोळे दिपले. काका दाराबाहेर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. बाकावरून उठून काकू त्यांच्या मागून आल्या. बांगड्या वाजल्या आणि काका मागे न बघता म्हणाले, "आलीस का?" काकूंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना कळलं की मला कळलंय. थोड्या वेळाने काका गाडीकडे गेले, तेव्हा काकू मला म्हणाल्या, "पूर्वी मी मागे येऊन उभी राहिले, तरी हे न बघता म्हणायचे, आलीस का. त्यांना माझा वास यायचा. ताप गेल्यावर एकदा मी अशीच मागे उभी राहिले, तर दचकले गं. इतके दचकले. दुसऱ्या दिवशी लग्नातला डबा काढला आणि बांगड्या घातल्या."

मला रडू आलं. काकू मला समजावत होत्या आणि गाडीत माझा नवरा घोरत होता.

लेकीने तो व्हिडिओ इतक्या जणांना दाखवलाय, की बॉस्टनमधल्या कित्येक लोकांचे दात आता काकांच्या नाकाची कीर्ती ऐकत दुरुस्त झाले असतील. मला फोनवर म्हणाली, "ताई, that old man took off his hat! मी तर रडलेच." मी म्हटलं, मीसुद्धा. मी हे सगळं लिहितेय कारण तिला मराठी बोलता छान येतं, पण वाचता येत नाही. काकांना त्याची फार खंत होती, रविवारच्या मराठी शाळेत तिला घातलं नाही म्हणून ते स्वतःला दोष द्यायचे. आता म्हणतात, राहिलं ते बरंच झालं.

पॉटलकला नंबर अजून मिळतात. काकू डाव्या बाजूला असतात, आणि एखाद्या दिवशी त्यांना सर्दी झाली, की काकांच्या शेजारी जाऊन मीच म्हणते, मला काय कळतंय म्हणा. मी शांपू बदललाय, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मागच्या महिन्यात मी नागपूरला निघाले तेव्हा काका-काकूंना विचारायला गेले, काय आणू म्हणून. काकूंनी गोडा मसाला सांगितला. काका मला दारापर्यंत पोचवायला आले, मागे वळून बघितलं आणि आवाज लहान करून म्हणाले, "बांगड्या आण तिच्यासाठी दोन डझन. फुटत फुटत कमी झाल्यात गं. मला हल्ली ती यायला उशीर झाल्यासारखं वाटतं."